रोजची गोळी आणि रोजचे डोके



मागील अंकात आम्ही हुमणीच्या बंदोबस्ताविषयी लिहिले होते आणि या अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहू असे कबूल केले होते. तो लेख पुढील अंकी देऊ. कारण असे की, लागणीच्या नोंदी घेत वस्त्यावस्त्यांवर हिंडताना एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेला पडली. ती ऊस विकास विभागाच्या कामात बसत नाही, पण सभासदाच्या घरात मात्र ठाण मांडून बसलेली आहे. ती म्हणजे डोकेदुखी.

कोणत्याही वस्तीवर जा. चहा होईपर्यंत नजर सहज कोनाड्याकडे जाते. तेथे देवाच्या तसबिरीशेजारी, काडेपेटीजवळ, गोळ्यांचे अर्धे संपलेले पाकीट असते. "कशाच्या हो गोळ्या?" असे विचारले की, "डोक्याच्या," असे उत्तर येते. "रोज घेता?" "रोज न्हाई सायेब, पर येक दिस आड लागतीच." हे उत्तर आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे की, आता विचारण्याआधीच ते ठाऊक असते. बहुतेक वेळा गोळी घेणारी घरची बाई असते आणि ती कपाळाला फडके बांधून भाकरी थापत असते.

डोके कधीमधी सर्वांचेच दुखते. ऊन लागले, जागरण झाले, जेवण चुकले की दुखते आणि झोप लागली की उतरते. त्याविषयी आम्हांला काही सांगायचे नाही. पण महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत असेल आणि असे ३ महिन्यांहून जास्त चालले असेल, तर डॉक्टर लोक तिला जुनाट डोकेदुखी म्हणतात. हा आजार शहरातल्या, कचेरीत बसणाऱ्या माणसांचा अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी कर्नाटकात शहरात आणि खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्या पाहणीत वर्षभरात डोके दुखले असे सांगणारे शेकडा ६३.९ निघाले आणि अर्धशिशीचे शेकडा २५.२. त्यातही अर्धशिशी शहरापेक्षा खेड्यांत जास्त आढळली. कर्नाटक म्हणजे काही लांबचा मुलूख नव्हे.

अर्धशिशी म्हणजे नुसते डोके दुखणे नाही. बहुधा एका बाजूची कानशिले ठणकतात, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सोसत नाही, जिना चढला किंवा वाकले तरी ठणका वाढतो. माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. आपल्याकडे याला पित्त म्हणतात, सायनस म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला म्हणतात आणि काही घरांत बाहेरचे झाले म्हणून अंगाराही आणतात. सायनसची गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'आम्हांला सायनसची डोकेदुखी आहे' असे समजणाऱ्या २,९९१ लोकांना तपासले, तर त्यांतील शेकडा ८८ जणांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. म्हणजे इतकी माणसे नाकाचे औषध घेत होती आणि दुखणे दुसरेच होते.

अशा लोकांसाठी डोकेदुखीचे स्वतंत्र दवाखाने असतात, हे आम्हांला अलीकडेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. वास्तविक ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात १९४५ साली असा विभाग निघाला. डेन्मार्कमध्ये ग्लोस्ट्रुप येथे २००१ साली राष्ट्रीय पातळीवरचे डोकेदुखी केंद्र उभे राहिले. तेथे मेंदूच्या डॉक्टरबरोबर परिचारिका, मान-पाठीचा व्यायाम घेणारे आणि मानसतज्ज्ञ एकाच छपराखाली काम करतात. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये अशा रुग्णांवर अभ्यास झालेले आहेत आणि मुंबईत डॉ. के. रविशंकर यांनी डोकेदुखीच्या रुग्णांसाठी वेगळे क्लिनिक चालविले. त्यांच्या एका अभ्यासाचा उल्लेख पुढे येईल, कारण तो आपल्या घरच्या बायकांच्या उपयोगाचा आहे.

पण अशा ठिकाणी नेमके करतात काय? आम्ही ते जवळून पाहिले आहे. आमच्या एका गटातील सभासदाच्या पत्नी गेली बारा वर्षे डोक्याने हैराण होत्या. त्यांच्या संमतीने आणि नाव छापायचे नाही या बोलीवर येथे लिहीत आहोत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आमचे बेण्याच्या संदर्भात काम होते. सभासद म्हणाले, "सायेब, तुमी पुण्याला चाललायच तर आमी बी येतो. डोक्याचा फोटू काढायचाय." फोटो म्हणजे स्कॅन. त्यासाठी त्यांनी वहिनींची बोरमाळ गहाण ठेवून पैसे गाठीला बांधले होते. घरात दोन तट होते. सासूबाईंचे म्हणणे, कामाच्या वेळीच हिचे डोके बरे दुखते. सभासदाच्या मनात मात्र गाठ असेल ही धास्ती होती आणि ते ती कोणाजवळ बोलत नव्हते.

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात मेंदू-विकाराच्या विभागात आठवड्यातून एक दिवस फक्त डोकेदुखीचे रुग्ण पाहतात, तेथे आम्ही गेलो. आमचा समज असा की, पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडेल. त्या डॉक्टरीण बाईंनी वहिनींना पाऊण तास समोर बसविले. दुखणे केव्हा सुरू झाले, आईला किंवा मावशीला होते काय, कोठून उठते, किती तास राहते, उलटी होते काय, पाळीच्या दिवसांत वाढते काय, झोप किती, चहा किती, असे सगळे खोदून विचारले. आमच्या माती परीक्षणाच्या फॉर्ममध्येही एवढे रकाने नाहीत! मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो आमच्या लक्षात राहिला आहे. "ताई, महिन्यातून किती दिवस दुखतं ते राहू द्या. अजिबात दुखत नाही असे दिवस किती?"

वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आसतील दोन-चार."

सभासद बायकोकडे पाहतच राहिले. बारा वर्षे एका घरात राहून त्यांना हा आकडा ठाऊक नव्हता. वहिनींनी तो कधी मोजलाही नव्हता.

त्यानंतर बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून आतला पडदा पाहिला, रक्तदाब घेतला, हातापायांची ताकद पाहिली, चालायला लावले, मान चाचपली. आणि गोळ्या कोणत्या असे विचारले. वहिनींनी पिशवीतून पाकिटे काढली. किराणा दुकानातली एक, मेडिकलमधली दोन, शेजारणीने दिलेली एक. हिशेब केला तेव्हा महिन्यातून २५ दिवस काही ना काही गोळी पोटात जात होती, काही दिवशी तीन-तीन.

निदान दोन ओळींचे होते. मूळ आजार अर्धशिशी. आणि तिच्यावर बसलेला दुसरा आजार, गोळ्यांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी.

हा दुसरा आजार सभासदांनी नीट समजून घ्यावा, कारण कोनाड्यातल्या पाकिटाशी त्याचा थेट संबंध आहे. ज्याला मुळात अर्धशिशी किंवा तत्सम डोकेदुखी आहे, त्याने पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी साधी दुखणे थांबविणारी गोळी महिन्यातील १५ किंवा जास्त दिवस घेतली, किंवा दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी १० किंवा जास्त दिवस घेतली आणि असे ३ महिन्यांहून अधिक चालले, तर ती गोळीच डोकेदुखी चालू ठेवू लागते. गोळीचा अंमल उतरला की डोके उठते, म्हणून पुन्हा गोळी. गुडघेदुखीसाठी तीच गोळी घेणाऱ्याला, त्याला मुळात डोकेदुखीची खोड नसेल तर, सहसा असे होत नाही. त्यामुळे 'आमचा म्हातारा रोज घेतो, त्याला काय झालं?' हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

नदीकाठच्या सभासदांना हे समजावून सांगायला आम्हांला फार लांब जावे लागत नाही. ऊस पिवळा दिसला म्हणून पाणी दिले. पाण्याने जमीन पाणथळ झाली, क्षार वर आले, मुळांना हवा मिळेना, ऊस आणखी पिवळा पडला. म्हणून आणखी पाणी दिले. अशा रानात प्रथम पाणी तोडावे लागते, मग निचऱ्याचे चर काढावे लागतात. पहिले काही दिवस रान अधिकच वाईट दिसते आणि मालक घाबरून मोटर चालू करायला धावतो. डॉक्टरीण बाईंनी वहिनींना अगदी हेच सांगितले, फक्त उसाचे नाव घेतले नाही. गोळ्या बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस डोके जास्त उठेल, उलट्या होतील, झोप येणार नाही. तेवढे दिवस काढायचे.

डेन्मार्कच्या त्या केंद्राने याच प्रश्नावर १२० रुग्णांचा अभ्यास करून २०२० साली प्रसिद्ध केला. गोळ्या आधी तोडाव्यात आणि दुखणे रोखणारे औषध मागाहून द्यावे, की दोन्ही एकदम करावे, की गोळ्या न तोडता रोखणारे औषध द्यावे, असे तीन गट केले होते. तिन्ही गटांत दुखण्याचे दिवस कमी झाले, पण अभ्यासकांनी शिफारस केली ती दोन्ही एकदम करण्याची. वहिनींनाही तसेच दिले.

स्कॅनचे काय, असे सभासदांनी अखेर भीत भीत विचारले. बाई म्हणाल्या, "बारा वर्षांत दुखण्याची तऱ्हा बदललेली नाही, तपासणीत कुठेही दोष नाही. अर्धशिशी फोटोत दिसत नाही. गरज पडली तर मीच सांगेन." पैसे गाठीचे गाठीला राहिले. त्याऐवजी रक्ताची तपासणी करून घेतली, कारण वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या की मूत्रपिंडाला आणि पोटाला इजा होण्याचा धोका असतो. ती तपासणी सुदैवाने चांगली आली.

रोखणारे औषध म्हणजे दुखो वा न दुखो, रोज ठरल्या वेळी घ्यावयाचे औषध. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन ही त्यांतली काही नावे. नावे वाचून कोणी मेडिकलमध्ये जाऊ नये. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रीला काही औषधे गर्भाच्या दृष्टीने धोक्याची असतात, म्हणून निवड डॉक्टरनेच करावयाची. वहिनींना रात्री झोपताना अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा दिली. गावी परतल्यावर कोणीतरी सांगितले की, ही तर मनाच्या आजाराची गोळी. झाले! सभासदांचा आम्हांला फोन, "सायेब, बाईला येडी ठरिवली का काय?" तेच औषध मोठ्या मात्रेत उदासीनतेच्या आजारावर वापरतात हे खरे, पण लहान मात्रेत ते जुनाट दुखण्यावर फार वर्षांपासून वापरात आहे. दवाखान्यातल्या परिचारिकेने फोनवर अर्धा तास घालून हे त्यांना समजावले. आमच्या मते अशा दवाखान्याची खरी कमाई येथेच आहे. औषध कोणीही लिहून देईल. ते का आणि किती दिवस घ्यायचे, आणि गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, हे कोणीतरी घरातल्या माणसांना सांगावे लागते.

पहिला आठवडा वाईट गेला. चौथ्या रात्री वहिनींच्या उलट्या थांबेनात. दवाखान्याने उलटीचे औषध आधीच देऊन ठेवले होते, त्यावर निभावले. त्या दिवसांत धारा काढण्याचे काम सासूबाईंनी केले, हे मुद्दाम नमूद करतो. दवाखान्याने वहिनींना एक तक्ता दिला होता. दुखले त्या दिवशी खूण, किती दुखले त्याचा १ ते ३ आकडा, गोळी घेतली तर तिचे नाव. पहिल्या महिन्यात २४ खुणा होत्या. तिसऱ्या महिन्यात ११. वर्षाअखेर महिन्याला पाच-सहा दिवसांवर आले आणि त्या दिवसांसाठी वेगळी गोळी आहे, जी दुखणे सुरू होताच घ्यावयाची, पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. आजार गेला काय? नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की, दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर आम्ही उपचार लागू पडला असे धरतो. मुळासकट उपटून टाकतो असे सांगणाऱ्या जाहिरातींपेक्षा आम्हांला हे बोलणे जास्त भरवशाचे वाटले.

त्या तक्त्याचा दुसरा उपयोग असा की, दुखणे कशाने उठते ते त्यातून कळते. वहिनींचे संकष्टीला हमखास उठत असे. उपवास, म्हणजे पोट फार वेळ रिकामे राहणे, हे अर्धशिशीचे नेहमीचे कारण आहे. डॉ. रविशंकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास न्हाणे या कारणाचा आहे. डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठते अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे त्यांनी मांडली. परदेशी पुस्तकांत हे कारण सापडत नसे, पण आपल्या आयाबहिणींना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. पुरुष सभासदांत आम्हांला दिसणारे कारण म्हणजे रात्रीचे पाणी. वीज रात्रीची असली की आठवडाभर जागरण, दिवसा झोप नाही, वर चहावर चहा. चहा-कॉफीचा अतिरेक आणि ती एकदम बंद करणे, या दोन्हींनी डोके उठू शकते. रात्रीची वीज बदलणे दवाखान्याच्या हातात नाही, आमच्याही नाही. पण झोपेची वेळ भरून काढणे आणि उपाशीपोटी बांधावर न जाणे एवढे करता येते. योगासनांबद्दल अनेक सभासद विचारतात. एम्सच्या डॉक्टरांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की, औषधाबरोबर योगाभ्यास करणाऱ्यांना नुसत्या औषधापेक्षा जास्त गुण आला. औषधाबरोबर, हा शब्द महत्त्वाचा.

डोकेदुखीची जात ओळखणे किती जरुरीचे आहे याचे एक उदाहरण. एका डोळ्यामागे भयंकर कळ येते, तो डोळा लाल होतो, पाणी वाहते, नाक गळते, माणूस अंधारात पडून न राहता येरझाऱ्या घालतो, डोके भिंतीवर आपटतो. पाऊण-एक तासात थांबते आणि बहुधा रोज ठरल्या वेळी येते. हा क्लस्टर नावाचा प्रकार, पुरुषांत जास्त. त्यावर साध्या गोळीचा उपयोग होत नाही, पण मास्क लावून जोरात प्राणवायू दिला तर पुष्कळांना पंधरा-वीस मिनिटांत उतार पडतो. हे ठाऊक नसलेल्याने दातसुद्धा काढून घेतलेले असतात.

इंजेक्शनांचे नवे उपाय आले आहेत. जुनाट अर्धशिशीवर बोट्युलिनम टॉक्सिनला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली, ते दर १२ आठवड्यांनी डोके-मानेच्या ३१ ठिकाणी टोचतात. २०१८ पासून तेथे प्रतिपिंडांची इंजेक्शनेही आहेत. खर्च मोठा असल्याने त्यांचा विचार इतर उपाय थकल्यावर.

आता जेथे वाट पाहायची नाही ते सांगतो. आयुष्यात कधी नव्हे असे डोके क्षणार्धात फुटल्यासारखे दुखणे, तापाबरोबर मान ताठणे, एक बाजू लुळी पडणे, बोबडी वळणे, फिट येणे, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर नव्याने उठलेली डोकेदुखी. अशा वेळी लेप, बाम, तक्ता काही नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना. आमच्या खात्यातली एक गोष्ट यात घालतो. कीटकनाशक फवारल्यावर डोके दुखून मळमळ, घाम, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक असे झाले तर ती अर्धशिशी नव्हे, विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टर गाठावा.

ज्यांना पुण्या-मुंबईला जाणे जमणार नाही, त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदू-विकार विभाग आहे काय आणि त्याचा वार कोणता, हे आधी विचारावे. जे रोज भरपूर गोळ्या घेतात, किंवा झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या घेतात, त्यांनी हा लेख वाचून त्या मनानेच एकदम तोडू नयेत. काहींना त्यासाठी दवाखान्यात राहावे लागते.

जाण्यापूर्वी एक महिना तक्ता भरून न्यावा. छापील कागद नसला तरी अडत नाही. कारखान्याने दिलेली दिनदर्शिका भिंतीवर आहेच. दुखले त्या तारखेला फुली मारावी, जितक्या गोळ्या तितके ठिपके द्यावेत, पाळीच्या तारखांना गोल करावा. लिहिता न येणाऱ्या आजीलाही हे जमते, आमच्या दोन गटांत तसे चालू आहे. जाताना ते पान फाडून न्यावे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकून न देता सगळी पिशवीत घालून बरोबर न्यावीत, किराणा दुकानातलीसुद्धा.